कुरकुंभच्या छाप्यानंतर: एमडी घेणाऱ्या मुलाला उपचार मिळतील की अटक होईल?

कोथरूडकर
फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घातला आणि दिल्लीसह इतर ठिकाणचा साठा धरून १,७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे एमडी हा अमली पदार्थ, जप्त केले. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखाना उघडकीस आणला होता. या कारवायांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलगा एमडी घेतो आणि त्याच्यावरच गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने घरचे कोणाशीच बोलत नाहीत. अशा मुलासाठी शासनाने कोणती सोय ठेवली आहे?

वकिली_पुणे
भीती स्वाभाविक आहे, पण कायदा सेवन करणारा आणि विकणारा यांना एकाच मापाने मोजत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली मेफेड्रोनचे अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅम आहे. व्यावसायिक प्रमाणासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. याउलट, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासकीय किंवा शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर कलम ६४-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. हे कलम पोलीस ठाण्यांतील जनजागृतीच्या फलकांवर ठळकपणे का लावले जात नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

समुपदेशक_नाशिक
वरील उत्तरात एक भर घालतो. मुलावर कोणताही गुन्हा दाखल नसेल, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश केला असून रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हेरॉइनच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देता येते, तशी सोय एमडीसाठी नाही. त्यामुळे झोप, नैराश्य आणि तीव्र ओढ यांवर लक्षणांनुसार औषधे देत, समुपदेशन दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. खरी उणीव येथेच आहे: छाप्याची बातमी होते, पण उपचारांनंतरच्या पाठपुराव्यासाठी माणसे अपुरी पडतात. पुण्यात १९८६ पासून काम करणारे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते. विक्रीची माहिती द्यायची असल्यास १९३३ हा ‘मानस’ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक वेगळा आहे.

कोथरूडकर
मनःपूर्वक आभार. मुलगा तयारच नसेल, तर त्याला बळजबरीने केंद्रात ठेवता येईल का?

समुपदेशक_नाशिक
केवळ पालकांची इच्छा आहे म्हणून कोंडून ठेवता येत नाही. संमतीविना दाखल करण्यासाठी २०१७ च्या कायद्यात वैद्यकीय तपासणीची आणि ठरावीक निकषांची अट आहे. घरातून उचलून नेण्याची हमी देणाऱ्या, नोंदणी नसलेल्या केंद्रांपासून कटाक्षाने दूर राहावे. तोवर पालकांनी स्वतः समुपदेशकाची भेट घ्यावी. त्यासाठी मुलाच्या होकाराची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.