मदत हवी आहे : विमान कंपनीतल्या स्ट्रेस इंजिनिअरने शॉप फ्लोअरवर (प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी) जावं का?

नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, गेली ५ वर्षं बंगळुरूत विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीत स्ट्रेस ॲनालिसिस (विमानाचे भाग भार झेलतील का, याचा हिशोब) करते. माझं रोजचं काम म्हणजे कारखान्यात झालेल्या चुकांचा हिशोब. परवाच एका रिव्हेटचं भोक ०.३ मिमी मोठं पडलं होतं. भोकापासून कडेपर्यंतचं अंतर पुरेसं उरतं का, कमाल अपेक्षित भाराच्या १.५ पट भार तो भाग झेलेल का, हे तपासून रिपोर्ट लिहायला तीन दिवस गेले. मग तपासनीसाची सही, मग मंजुरीची. ही काटेकोरपणाची शिस्त मला मनापासून पटते. पण ज्या विमानासाठी इतकं करते, त्याच्या पंखाला मी आजवर हात लावलेला नाही, याची खंत वाटते.

बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) होते. १९६४ साली मिग-२१ साठी सुरू झालेला कारखाना. शिफ्ट संपली की फळीवर रंगवलेल्या आकारात एकेक पाना परत बसवायचा, एक जरी कमी असला तरी कुणी घरी जायचं नाही, असं ते सांगायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्ये बनलेलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडालं, तेव्हापासून मन तिकडेच ओढ घेतंय.

डिझाइनकडून उत्पादनाकडे कुणी गेलंय का? पाच वर्षांचा अनुभव तिथे धरतात, की पुन्हा परीक्षा देऊन पहिल्या पायरीवरून सुरुवात? आणि शॉप फ्लोअरवर मुलींना शिफ्ट कशा असतात? प्लीज, स्वतःचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा.