टॉवर नसलेल्या धावपट्टीवर नुसत्या रेडिओचा भरवसा पुरे आहे का?

सोनेगावकर (धागाकर्ता)

नागपूर फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चंद्रपूरच्या मोरवा धावपट्टीवरून व्हायला लागल्यापासून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार निघतो. सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, विमानांना सूचना देणारा नियंत्रण टॉवर आहे, मोरव्यासारख्या छोट्या धावपट्टीवर नसतो, मग तिथे विमानं एकमेकांवर आदळत नाहीत का?

टॉवर नसला तरी पद्धत असते. धावपट्टीभोवती साधारण हजार फूट उंचीवर आयताकृती फेरी मारायची, तिला सर्किट म्हणतात. वळणं बहुतेक डावीकडे. प्रत्येक टप्प्यावर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगायचं आणि डोळे बाहेर ठेवायचे. अमेरिकेत हजारो विमानतळ असेच चालतात, टॉवर जेमतेम पाचशेंवर आहेत.

पण १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला काय झालं ते बघा. टॉवर नसलेला विमानतळ. एक छोटं सेसना १५२ सर्किटमध्ये, आणि दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, येत होतं. दोघेही रेडिओवर बोलत होते. १५२ च्या वैमानिकाने मागचा फार वेगात येतोय हे पाहिलं, तसं सांगितलं आणि उतरणं सोडून दिलं. तरी टक्कर झाली, तिघे गेले. ३४० चा वेग होता सुमारे १८० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे उतरणाऱ्या १५२ च्या दुपटीहून जास्त.

म्हणून माझं मत: सर्किटमध्ये विमान असेल तर सरळ फायनलवर येण्यास बंदी हवी. आणि प्रत्येक शिकाऊ विमानात एडीएस-बी हवं, म्हणजे आपली जागा सतत प्रसारित करणारं आणि शेजाऱ्याची पडद्यावर दाखवणारं यंत्र. टॉवर कधी होईल तेव्हा होईल.

खामल्याचा भाऊ

काहून घाबरवता बाप्पा लोकांना? वर्धा रोडवर सिग्नल बंद पडला तर गाड्या निघत नाहीत का? एकमेकांकडे पाहून काढतातच ना सगळे. आभाळ तर त्याच्यापेक्षा किती मोठं.

धावपट्टी३२

भाऊ, चौकात ब्रेक असतो. हवेत थांबता येत नाही.

मी शिकवतो, म्हणून हिशेब सांगतो. १०० नॉटची दोन विमानं समोरासमोर आली तर एक सागरी मैल १८ सेकंदांत संपतो. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए साडेबारा सेकंद धरते. उरले साडेपाच. त्यात आपल्याकडची हिवाळी सकाळ, चंद्रपूरची ती पांढुरकी धूसर हवा.

शिवाय ज्याच्याशी टक्कर होणार असते ते विमान काचेवर सरकतच नाही. एका जागी ठिपका, आणि अगदी शेवटी एकदम मोठा. डोळा हलणारी वस्तू पटकन टिपतो, ही हलतच नाही. सेसनाचा पंख वर, म्हणून वळताना वळणाच्या बाजूचं झाकलं जातं. पायपरसारख्यांचा पंख खाली, त्यांना खालचं दिसत नाही. फायनलवर खाली सेसना आणि तिच्या डोक्यावर पायपर असं जुळून आलं, तर दोघांनाही दुसरा दिसत नाही.

तरीही पडद्याला माझा विरोध. विद्यार्थ्याची नजर आधीच वेग आणि उंचीच्या काट्यांना चिकटलेली असते. आणखी एक स्क्रीन दिली की बाहेर बघणं संपलंच. वळण्याआधी पंख किंचित उचलून पलीकडे बघ, हे हाडात मुरवावं लागतं.

निवृत्त एटीसी

दोघांचंही अर्धवट आहे. खाली एक तिसरा कान लागतोच.

१९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉयमधलं क्विन्सी. टॉवर नाही. एक प्रवासी बीच १९०० उतरत होतं, त्याच्या वैमानिकांनी विचारलं की दुसऱ्या धावपट्टीवर उभं असलेलं किंग एअर विमान जागीच थांबणार की उड्डाण करणार? उत्तर दिलं किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी या छोट्या विमानाने. त्यातलं काही बीचच्या स्वतःच्या इशारायंत्राच्या आवाजात बुडालं. बीचवाल्यांना वाटलं, किंग एअर थांबतंय. ते तर उड्डाणाला धावत होतं. दोन धावपट्ट्यांच्या छेदावर धडक, १४ मृत्यू. ही जमिनीवरची टक्कर होती, पण हवेतही असंच होतं: कोण बोललं हे कळत नाही, दोघे एकदम बोलले तर नुसती किरकिर. खाली बसून सगळ्यांचं ऐकणारा माणूस म्हणाला असता, 'किंग एअर, उत्तर तुम्ही दिलंत का?' पूर्ण टॉवर परवडत नसेल तर माहिती देणारा अधिकारी ठेवा. स्वीडनने २०१५ मध्ये अर्नशोल्ड्सविकची विमानं सुंद्सवालमध्ये बसून कॅमेऱ्यांवरून हाताळायला सुरुवात केली. इथल्या धावपट्ट्या नागपुरातून का नाही?

सोनेगावकर

साहेब, क्विन्सीच्या बरोबर आठवडाभर आधी, १२ नोव्हेंबरला हरियाणात चरखी दादरीला दोन मोठ्या विमानांची हवेत टक्कर झाली. दिल्लीचं नियंत्रण होतं, तरी ३४९ माणसं गेली. त्यानंतरच आपल्याकडे मोठ्या विमानांना टक्करविरोधी यंत्र सक्तीचं झालं.

निवृत्त एटीसी

दादरीला नियंत्रकाने सूचना बरोबर दिल्या होत्या. कझाक विमान १५,००० फुटांवर न थांबता खाली आलं. आणि तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, म्हणजे नियंत्रकाला ते कळायला मार्गच नव्हता. यंत्र हवंच, पण खालच्याच्या हातातही हवं. तुमच्या पडद्याचा दोष असा की समोरच्याकडे यंत्र नसेल तर पडदा रिकामा, आणि रिकाम्या पडद्यावर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो.

मनीषनगरचा पालक

मंडळी, पैसे कोण देणार? फी आत्ताच लाखांत आहे. ब्रिटनमध्ये हवाई प्राधिकरणाने अशा यंत्रांची निम्मी किंमत, २५० पौंडांपर्यंत, परत दिली. इथे मात्र शेवटी माझ्याच पोराच्या बिलात येईल.

खामल्याचा भाऊ

पटलं बाप्पा, सिग्नलचं मागे घेतो. पण सरळ येऊच नका म्हणता, आणि त्याचं इंजिनच बंद पडलं तर?

सोनेगावकर

इंजिन बंद, आजारी प्रवासी, यांना सूट राहीलच. बाकीच्यांनी दोन मिनिटं जास्त उडून सर्किटमध्ये यावं. आणि सर, रेडिओही आला, नजरही आली, पण पोरगं सोलोला, म्हणजे एकट्याने उडताना, फायनलवर आहे आणि मागून १८० नॉटचं धूड येतंय. तुम्ही काय शिकवता?

धावपट्टी३२

सरळ वर चढायचं नाही. डाव्या सर्किटला उजवीकडे सरकायचं, सोलोवाला डाव्या खुर्चीत असतो, त्याला धावपट्टी डाव्या काचेत दिसत राहते. उंची हळूहळू घ्यायची, फ्रिक्वेन्सीवर आपण उजव्या बाजूला आहोत हे सांगायचं, आणि मागचा डावीकडून पुढे निघालेला प्रत्यक्ष दिसल्याशिवाय परत आत वळायचं नाही.