प्रतिसाद: टेदर नसलेलं यंत्र आणि जॅकेटची तपासणी

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रातल्या जॅकेटची (फलाटाला पाण्याखालून पेलणारा पोलादी सांगाडा) तपासणी टेदर, म्हणजे वरून जोडलेली केबल, नसलेल्या पाण्याखालच्या यंत्राने का होऊ नये, असं वर बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एकांनी विचारलंय. बॅटरी हा त्यातला छोटा प्रश्न. खरी अडचण स्वतःची जागा कळण्याची. पोलादी पायांजवळ चुंबकीय होकायंत्र भरकटतं, ध्वनीचे पडसाद नळ्यांवर आपटून परततात आणि स्थान उड्या मारू लागतं. रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात लगेच विरतात. मग उरतो ध्वनीने माहिती पाठवणारा ध्वनी-मोडेम; तो सेकंदाला काही किलोबिट देतो, त्यात चांगला व्हिडिओ कुठून बसणार?

शिवाय सीपी प्रोब, म्हणजे गंजापासूनचं विद्युत-संरक्षण (कॅथोडिक प्रोटेक्शन) पुरेसं आहे का हे पोलादाचा व्होल्टेज मोजून सांगणारं उपकरण. त्याचं टोक शिंपले-शेवाळ भेदून उघड्या पोलादाला टेकलं तरच आकडा खरा. प्रोबमधल्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण हवा. प्रवाहात यंत्र हललं की आकडा नाचतो (आणि तोच अहवालात घालणारे महाभागही असतात).

बडोद्यात चाचणी करणार असाल तर नळाच्या पाण्यात प्रोब तपासू नका. १० लिटरला ३५० ग्रॅम मीठ घाला, इलेक्ट्रोड किमान अर्धा तास भिजू द्या, मग टोक शुद्ध जस्ताच्या तुकड्याला टेकवा. उणे १.०० ते १.०६ व्होल्टच्या दरम्यान आलं तर ठीक. नाहीतर आधी कनेक्टरमधली ओल बघा, मग इलेक्ट्रोडला दोष द्या.

लांब, सरळ पाइपलाइनवर मात्र टेदर नसलेलं स्वायत्त यंत्रच बरं. तळापासून ठरावीक उंची धरून सोनार फिरवायचा, टेकवायचं काही नसतं.