घरातल्या पालीची तुटलेली शेपूट परत येते का?

पावसाळी_संध्याकाळ:
आमच्या ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या पालीची शेपूट दारात अडकून तुटली, तुकडा बराच वेळ वळवळत होता, मुलगी फार घाबरली. शेपूट पुन्हा येते का? आणि पाल विषारी असते हे खरंय का, सासूबाई म्हणतात मारून टाका.

रानभूल:
अहो मारू नका प्लीज! आपल्याकडच्या कुठल्याच पालीला विष नसतं. शेपूट ती स्वतःच सोडते, मणक्यांमध्ये त्यासाठी ठरलेल्या जागा असतात, मांजर त्या वळवळत्या तुकड्याकडे बघत बसतं तेवढ्यात ही पसार. नवी शेपूट येते पण आत मणके नसतात, कूर्चेची नळी असते, म्हणून ती थोडी जाड आणि वेगळ्या रंगाची दिसते. शेपटीत चरबी साठवलेली असते ना, ती गेली की पालीला चांगलाच फटका बसतो, तेव्हा काही दिवस तिला शांतपणे किडे खाऊ द्या.

पावसाळी_संध्याकाळ:
बरं झालं विचारलं. पण ती काचेवर उलटी कशी चालते?

कोकणी_माणूस:
चिकट काही नसतं तिथे. बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात, त्यांची टोकं अजून बारीक फाटलेली, आणि रेणूंमधल्या आकर्षणाने पकड बसते. रात्री चुकचुक ऐकू येते तो बऱ्याचदा नर असतो, आपली जागा सांगत असतो. आणि फोटोफ्रेममागे दोन पांढरी अंडी दिसली तर हलवू नका, दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात.