शाळेची सहल: आखणी आणि देखरेख यांविषयी आपले अनुभव लिहा

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की नाशिकच्या शाळांमध्ये सहलीचा विषय निघतो आणि बहुतेक सगळी चर्चा ‘यंदा कुठे?’ या प्रश्नापाशीच अडकते. माझ्या मते सहल कशी होणार हे गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. जागा आधी पाहून येणे, परवानगीचा प्रस्ताव, पालकांची संमतीपत्रे, मुलांची गटवारी आणि तिथे पोचल्यावर मुलांनी नेमके काय करायचे याचा विचार, हेच खरे काम आहे. ज्यांनी सहली आखल्या, सांभाळल्या किंवा जे पालक म्हणून सोबत गेले, त्यांनी आपले अनुभव तपशिलासह लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

इतिहास शिक्षिका, नाशिकरोड

पांडवलेणी ही नाशिकची बौद्ध लेणी आमच्या बहुतेक मुलांनी घरच्यांबरोबर पाहिलेली असतात, म्हणून चोवीसही लेणी दाखवण्याचा आग्रह मी धरत नाही. तिसरे, दहावे आणि अठरावे एवढीच निवडते. तिसऱ्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, अठरावे चैत्यगृह म्हणजे प्रार्थनागृह आहे. पण सर्वांत जास्त वेळ आम्ही दहाव्यात थांबतो. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणे (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद तिथे कोरलेली आहे: २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज मुले आदल्या दिवशी वर्गातच काढतात आणि २४० हे उत्तर वहीत घेऊन येतात. लेण्याच्या ओसरीत उभे राहून मी एवढेच सांगते, की वर्षावासातील, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यावीत, असे या लेखात आहे. कोणीतरी पुटपुटत गुणाकार करते, हिशेब जुळतो आणि सगळी मुले भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे पुन्हा वळून पाहतात. यासाठी मी आठवडाभर आधी जाऊन येते, कारण पायऱ्यांवर ऊन कधी येते आणि कड्यावर आग्या मोहोळ आहे का, हे प्रत्यक्षच पाहावे लागते. अत्तर लावून येणे, दगड भिरकावणे आणि आरडाओरडा यांना सक्त मनाई असते.

शारीरिक शिक्षण शिक्षक, सिडको

मॅडमनी आखणीविषयी लिहिले आहे, मी देखरेखीविषयी लिहितो. नुसती डोकी मोजून भागत नाही. एक मूल कमी भरले तरी ते कोणते, हे कळायलाच वेळ जातो. म्हणून आमच्याकडे दहा मुलांमागे एक शिक्षक असतो, त्याच्या हातात फक्त त्याच्या गटाची यादी असते आणि गाडीत चढताना तो प्रत्येकाचे नाव घेऊन हजेरी लावतो. त्याच यादीत पालकांचा मोबाइल क्रमांक, रक्तगट, चालू औषधे आणि कशाची ॲलर्जी आहे ते लिहिलेले असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, हे मी दर वर्षी पालकसभेत सांगतो आणि त्यापुढे गंगापूर धरण असो की रामकुंड, एकही मूल पाण्यात उतरणार नाही हा नियम सांगतो. मग त्यावर कोणी वाद घालत नाही. गाडी म्हणाल, तर एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने, मिळते व शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत असते, मात्र डिसेंबरच्या तारखांसाठी आगारात लवकर अर्ज द्यावा.

प्राथमिक शिक्षक, निफाड तालुका

आमची मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची, त्यामुळे लांबची सहल परवडत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर मात्र जवळ आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले क्षेत्र. थंडीत, उजाडता उजाडता तिथे पोचावे आणि मुलांना भडक रंगाचे कपडे घालू देऊ नयेत. ‘किती पक्षी दिसले’ याची चढाओढ मी लावत नाही. प्रत्येक गटाला एकच पक्षी देतो, कोणाला वारकरी, कोणाला चक्रवाक, कोणाला जांभळी पाणकोंबडी, आणि तोच पक्षी शांतपणे पाहत बसायला सांगतो. वारकरी उडण्याआधी पाण्यावरून पाय आपटत बराच धावतो, हे चौथीतल्या एका मुलीने स्वतः पाहून सर्वांना सांगितले.

पालक, सातपूर

माझी मुलगी आठवीत आहे. आमच्या भागातले अनेक पालक कंपन्यांमध्ये कंत्राटी कामावर आहेत. सहलीची रक्कम आठ दिवस आधी कळली, तर मूल घरी न विचारताच ‘मला जायचं नाही’ असे शाळेत सांगून मोकळे होते. ही रक्कम जूनमध्येच सांगून हप्त्याने घ्यावी. दुसरा मुद्दा शौचालयाचा. एका सहलीत वाटेत कुठेच सोय नव्हती आणि मुलींनी दिवसभर पाणी पिणे टाळले. पाळी आलेल्या मुलीने कोणाकडे जायचे, हे निघण्यापूर्वी मुलींना बाजूला घेऊन सांगावे आणि त्या शिक्षिकेजवळ पॅड, जुनी वर्तमानपत्रे व एखादा जास्तीचा पंजाबी ड्रेस असावा.

इतिहास शिक्षिका, नाशिकरोड

ताई, आपले दोन्ही मुद्दे मी आमच्या पाहणीच्या कागदावर आजच लिहून घेतले. जानेवारीत आठवीला सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात नेण्याचा विचार आहे. तिथे मुले घेऊन गेलेल्यांनी शौचालय, सावली आणि डबा खाण्याची जागा यांविषयी कृपया लिहावे.