'अ‍ॅक्सेसिबिलिटी'साठी मराठीत नेमका शब्द कोणता? सुलभता, सुगम्यता की आणखी काही?

मुक्ताक्षर:
एका सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळाचं मराठीकरण करतेय. प्रत्येक पानावर अगदी वर 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' असा दुवा आहे. तो उघडला की अक्षरं मोठी करा, रंगांतला फरक वाढवा, हलती चित्रं थांबवा असे पर्याय येतात. खाली एक निवेदन आहे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा माउस धरता येत नाही त्यांना हे स्थळ वापरता यावं म्हणून काय केलंय, काय राहिलंय आणि अडलं तर कुणाला कळवायचं, ते त्यात लिहिलंय.
मी 'सुलभता' लिहून मोकळी झाले. तपासणीतून शेरा आला: "सुलभता म्हणजे सोपेपणा. याच पानावर 'वापरायला सोपे' हेही आहे. दोहोंत फरक काय?" फरक मला कळतो, पण एका शब्दात दाखवता येईना. 'सुगम्यता' सुचवलं तर संघातले एक जण म्हणाले, तो हिंदी आहे, मराठीत कुणी बोलत नाही. तुम्ही काय वापरता? जागा एका शब्दाची आहे, ताणून दोन.

जोडाक्षर:
सुलभता. रुळलाय तो, राहू द्या. दर दोन वर्षांनी नवा शब्द काढायचा आणि जुना कुणाला कळेनासा करायचा, हा मराठीचा आवडता उद्योग आहे.

व्युत्पत्तिवेडा:
रुळलाय म्हणून चुकीचा शब्द चालवायचा का? 'लभ्' म्हणजे मिळणं. सुलभ ते सहज मिळणारं, उलट दुर्लभ. 'गम्' म्हणजे जाणं. सुगम तिथे सहज जाता येतं, उलट दुर्गम. किल्ल्याला दुर्ग म्हणतात तोही याच घरातला, जिथे जाणं कठीण तो. इथे प्रश्न मिळण्याचा नाही, आत जाता येण्याचा आहे. म्हणून सुगम्य. हिंदीने आधी उचलला म्हणून तो हिंदीच्या नावावर होत नाही.

काना_मात्रा:
सुगम म्हटलं की मला हार्मोनियम दिसते. सुलभ म्हटलं की काय आठवतं ते लिहीत नाही, नाकाला रुमाल लावावा लागेल.

हलन्त:
'सुलभ'ची आणखी एक अडचण आहे, ती कुणी बोललं नाही. बालसुलभ कुतूहल म्हणजे मुलांच्या ठायी स्वभावतःच असणारं कुतूहल. मुलांना सहज मिळणारं नव्हे. स्त्रीसुलभ, वयसुलभ, सगळे त्याच वळणाचे. मध्यंतरी एका पानावर 'दिव्यांगसुलभ संकेतस्थळ' असं वाचलं. आता याचा विग्रह करा बरं.

काना_मात्रा:
दिव्यांगांच्या अंगीच उपजत असलेलं संकेतस्थळ 😀

जोडाक्षर:
हलन्त, असा विग्रह करत कोण वाचतं? 'वापरसुलभ' लोक बिनधास्त वापरतात आणि सगळ्यांना कळतं. वापराच्या स्वभावातच असलेलं, असा अर्थ कुणी काढला नाही अजून.

हलन्त:
कळतं, कारण 'वापर' हा माणूस नाही. समासात आधी माणसांचा गट आला की जुनं वळण डोकं वर काढतं. माझा विरोध 'सुलभता'ला नाही. 'अंधसुलभ', 'वृद्धसुलभ' असे जे पाडले जातात त्यांना आहे.

शुद्धमती:
अभिगम्यता हा शास्त्रशुद्ध शब्द उपलब्ध असताना एवढा काथ्याकूट कशासाठी? अभि + गम्. जवळ जाता येण्याची क्षमता. नेमका अर्थ. लोकांना कठीण वाटतो म्हणून सोडायचा असेल तर 'महापौर' हाही कुणीतरी घडवलेलाच शब्द होता, आज कुणाला अडतो?

जोडाक्षर:
म्हणजे 'सर्वांना समजावं' या गोष्टीचं नाव असं ठेवायचं की ते कुणालाच समजू नये. छान.

काठावरचा:
'प्रवेशयोग्यता' पण पाहिलंय मी. आधी वाटलं कॉलेजची गुणवत्ता यादी लागली.
माझं मत 'पोहोच'ला. मराठी, छोटा, रोजचा.

हलन्त:
पोहोच दुव्यावर टाकलीत तर लोक अर्ज मिळाल्याची पावती शोधतील. 'पत्राची पोहोच द्या' हा अर्थ अजून पक्का आहे. आणि 'पोच नसणे' आहेच. निम्मी संकेतस्थळं बनवणाऱ्यांना तो मात्र चपखल लागू पडतो.

ऐकीव:
मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर वाचतो, खरं तर ऐकतो. नावावरून कळलंच असेल. धागा मजेत ऐकतोय, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.
पहिली. मी पान वरून खाली वाचत नाही. दुव्यांची यादी काढतो आणि तीवरून चालत जातो. तिथे शब्दाच्या आजूबाजूचं काहीच ऐकू येत नाही. 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा' अशी यादी आली की मी स्थळ बंद करतो. तेव्हा 'सुलभता' ठेवा नाहीतर 'सुगम्यता', एकटा ऐकला तरी कशाबद्दल आहे ते कळलं पाहिजे. नुसता 'सुलभता' ऐकून मी तरी पुढे गेलो असतो. सुलभ काय? हप्ते?
दुसरी. मुक्ताक्षर, तुमच्या पानाला भाषेची खूण मराठीची लावलीय का? पानामागच्या संगणकीय मजकुरात, एचटीएमएलमध्ये, अगदी सुरुवातीला 'एमआर' ही दोन अक्षरं लागतात. भाषांतर होतं आणि ती खूण इंग्रजीचीच राहते, असं फार वेळा घडतं. मग माझ्या स्क्रीन रीडरचा आवाज कधी देवनागरी गाळतो, कधी हिंदी वळणाने वाचतो. हिंदी आवाजाला आपले दोन 'च' आणि दोन 'ज' माहीत नाहीत. 'चुकीचा पासवर्ड' हे असं ऐकू येतं की पासवर्ड बरोबर असूनही राग यावा. जगातला 'जग' आणि 'तू जग'मधला 'जग' दोन्ही एकच.

मुक्ताक्षर:
बघून सांगते. हे माझ्या हातात नाही, पण विचारते.

व्युत्पत्तिवेडा:
दोन च-जांचा मुद्दा फार मोलाचा! लिपीतच ते वेगळे दाखवायला हवे होते. चमचाचा च आणि चंद्राचा च. पूर्वी काही कोशांत नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, देऊन

जोडाक्षर:
झालं. गेला धागा.

ऐकीव:
नुक्त्याचं नंतर बघू. 'सोपं' आणि 'अ‍ॅक्सेसिबल' यांतला फरक विचारला होता म्हणून एक प्रसंग. एका सेवेचा अर्ज भरत होतो, नाव सांगत नाही. पाहणाऱ्यांच्या मते अगदी सोपा: तीन चौकोन, तीन चिन्हं, संपलं. मी टॅब दाबला. "बटण." पुन्हा टॅब. "बटण." पुन्हा. "बटण." तिन्ही चिन्हांना नावच दिलेलं नव्हतं, डोळ्यांनी बघून ओळखायची होती. अंदाजाने एक दाबलं, ते 'सर्व पुसा' निघालं. पुन्हा भरलं तर शेवटी चित्राचा तुकडा माउसने ओढून जागेवर बसवायला सांगितलं, आपण माणूस असल्याचा पुरावा म्हणून. तो काही मला देता आला नाही.
स्थळ सोपं होतंच. फक्त माझ्यासाठी नव्हतं.

नुसतीच_वाचक:
उलटही असतं. सगळे तांत्रिक निकष पार केलेलं पान, प्रत्येक बटणाला नाव, आणि आत वाक्य असं: "सदरहू अर्जदाराने उपरोक्त दस्तऐवज सक्षम प्राधिकाऱ्याकडून साक्षांकित करून अपलोड करणे अनिवार्य राहील." यंत्राने अगदी स्वच्छ आवाजात वाचलं तरी कुणाला काय कळणार?

टॅबवाला:
माझा धंदाच हा आहे, म्हणून थोडं. वेबवरच्या ॲक्सेसिबिलिटीची नियमावली डब्ल्यू३सीने, म्हणजे वेबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने, १९९९ मध्ये काढली. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती चार खांबांवर उभी आहे. कामावर आम्ही मराठीत म्हणतो: जाणवलं पाहिजे, चालवता आलं पाहिजे, कळलं पाहिजे, टिकलं पाहिजे. ऐकीव यांचं बटण दुसऱ्या खांबापाशी अडलं असं वाटेल, पण नाव नसणं हे पहिल्या आणि चौथ्यातही येतं. वरचं 'सदरहू' तिसऱ्यात. भाषेची खूणही तिसऱ्यातच, आणि ती सगळ्यात खालच्या 'ए' पातळीवर आहे, म्हणजे न करण्याला सबब नाही. तेव्हा 'सोपं' हे वेगळं खातं आहे असं नाही, त्यातला काही भाग आतच आहे. तपासनिसांना एवढं सांगा.
फिकट अक्षरांबद्दलही: साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावर करडं लिहिणाऱ्या कलाकारांना हे सांगून माझा घसा बसला.

व्युत्पत्तिवेडा:
'कळलं पाहिजे' यावरून आठवलं. सुगम्यच्या उलट अगम्य. मराठीत 'अगम्य' म्हणजे न समजणारं, केवळ न पोचता येणारं नव्हे. म्हणजे 'गम्य'मध्ये पोचणं आणि कळणं दोन्ही आहे. बोधगम्य पाहा. मराठीत याहून चांगला शब्द मिळायचा नाही.

काठावरचा:
पण 'सुगम्य संकेतस्थळ' ही जोडी बरी दिसते का? संकेतस्थळ म्हणजे मुळात प्रेमिकांनी गुपचूप भेटायचं ठरवलेलं ठिकाण. तिथे तिसऱ्याला पोचता येऊ नये हीच तर सोय. सुगम्य संकेतस्थळ हा वदतोव्याघात झाला.

काना_मात्रा:
😀😀 आता संकेतस्थळाला काय म्हणायचं ते सांगा.

शुद्धमती:
जालस्थान.

जोडाक्षर:
वेबसाइट. आणि तिकडे ॲक्सेसिबिलिटी. माझ्या फोनची भाषा मराठी आहे, तो सेटिंग्जमध्ये हेच दाखवतो आणि आईला सापडतं. 'सुलभता' शोधायला ती शब्दकोश काढणार नाही.

शुद्धमती:
म्हणजे उद्या 'पाणी'ऐवजी 'वॉटर'.

जोडाक्षर:
पाण्याला पाणी म्हणतात म्हणून पाणी. यालाही लोक काय म्हणतात ते बघा एवढंच म्हणतोय. इंग्रजीवाल्यांनाही हा शब्द लांब पडतो, ते 'ए-अकरा-वाय' लिहितात. पहिलं ए, शेवटचं वाय, मधली अकरा अक्षरं गुंडाळली.

हलन्त:
मग आपणही तसंच करू. सुलभता: सु, मधे दोन, ता. सुगमता: सु, मधे दोन, ता. सुगम्यता: तेच. तिन्ही 'सु२ता'. भांडण मिटलं.

नुसतीच_वाचक:
सु२ता 👌 हाच दुव्यावर टाका.

काठावरचा:
'दिव्यांग'वर कुणी बोलत नाहीये. तोही शब्द त्या निवेदनात येणारच ना? मी 'अपंग' लिहितो, मला टोकतात.

शुद्धमती:
आदरयुक्त शब्द मिळाला आहे तर वापरावा.

ऐकीव:
माझ्यापुरतं सांगतो. अंध म्हणा, दृष्टिहीन म्हणा. दिव्य माझ्यात काही नाही, बसही चुकते. पण माझ्या मित्राला तो शब्द आवडतो, त्यामुळे आमच्यात यावर तह झालेला नाही. निवेदनात 'ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही' असं मुक्ताक्षर यांनी वरच लिहिलंय. तेच ठेवलं तर हा प्रश्न येतच नाही.

टॅबवाला:
अवांतर, पण याच धाग्यातलं. मी आत्ता पानावर 'ॲक्सेस' एवढंच शोधलं. मी आणि जोडाक्षर सापडलो. मुक्ताक्षर यांचा मूळ प्रश्न आणि ऐकीव यांचा प्रतिसाद मिळालाच नाही. दिसायला सगळे सारखेच, पण त्यांनी 'अ'वर वेगळी चंद्रकोर चढवून लिहिलाय, आमचा 'ॲ' हे अख्खं एकच चिन्ह आहे. ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, मराठीसाठी २००८ मध्ये आलं. शिवाय 'ऍ' हे तिसरं, ते बरेच जण अजून वापरतात. यंत्राला तिन्ही वेगळी.

व्युत्पत्तिवेडा:
मी तर 'ऍ'च लिहितो! त्यात चूक काय? ए-वर चंद्र, तर्कशुद्ध आहे.

हलन्त:
तर्क हिंदीचा. मराठीत 'अ'वरच चंद्र काढायची रीत आहे, शाळेत तसंच शिकवतात. ऍ दिसला की मी 'ए' वाचून मग सुधारतो.

ऐकीव:
माझा आवाज यातलं एक नीट वाचतो, एकात 'अ' म्हणून क्षणभर अडखळतो. कोणतं ते मला दिसत नसल्याने सांगता येत नाही 😀 टॅबवाला, तिन्ही सुटे सुटे लिहून पाठवा, ऐकून कळवतो.

टॅबवाला:
अ‍ॅप. ॲप. ऍप.

ऐकीव:
पहिल्यात अडखळला.

मुक्ताक्षर:
म्हणजे मीच टंकते तो. बरं, भाषेची खूण विचारली. इंग्रजीचीच होती, बदलतायत. शब्दाचं काही ठरत नाही तोवर 'सर्वांना वापरता यावे यासाठी' असं लिहून पाठवतेय. दोनाऐवजी चार शब्द झालेत, मांडणीवाले ओरडतील.

शुद्धमती:
हे वर्णन झालं, पारिभाषिक संज्ञा नव्हे.

जोडाक्षर:
ओरडू देत. चांगलं आहे.

व्युत्पत्तिवेडा:
ते ठीक, पण तुम्ही सगळे 'लिंक'ला 'दुवा' म्हणताय म्हणून विचारतो. फकिराने दुवा दिली तो दुवा आणि हा एकच का? लिंगही निराळं दिसतंय.

काना_मात्रा:
नवीन धागा काढा, महाराज.