आजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर? वाटणी, वारसनोंद, मृत्युपत्र राहून गेल्याचे अनुभव

सदाफुली: काल चुलतभावाचा फोन आला. रस्त्यात आमच्या जमिनीची पट्टी जातेय आणि मोबदल्याची नोटीस आलीय आजोबांच्या नावाने. आजोबा १९८७ ला गेले! वारसनोंद लावली तर वाटणीचा विषय निघेल म्हणून बाबा-काका गप्प राहिले. आजी म्हणायची, मी आहे तोवर चूल एकच. आता आजी नाही, काकाही नाहीत. आत्या, त्यांची मुलं, नातवंडं धरून विसाच्या वर वारस. एक बहीण कॅनडात, एका भावाचा ठावठिकाणाच नाही. पैसे अडकलेत. तुमच्याकडे काय राहून गेलं, लिहा.

आगोटी: आमचं कोकणातलं घर. नावावर सगळे, मग कौलं शाकारायला पैसे कोणी घालायचे? गेल्या पावसात माजघराचा वासा खाली आला. देव तेवढे शेजाऱ्यांच्या पडवीत नेऊन ठेवले.

शेवंता: अरेरे आगोटी 😔 कुकर लावलाय, घाईत लिहिते. आमच्याकडे 'बहिणी सोडतील की हक्क' म्हणत आत्याला कधी विचारलंच नाही. शेवटी विचारलं तर म्हणाली, तेव्हा प्रेमाने मागितलं असतं तर दिलं असतं, आता माझ्या मुलांशी बोला. तिचं बरोबरच आहे! वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुली १९५६ पासून वारस आहेत. वडिलोपार्जितमध्ये २००५ पासून मुलाइतकाच हक्क, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असायची गरज नाही.

बांधावरचा: वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे आधी घरात सांगा. लोक त्यालाच भितात. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतल्या बदलाची नोंद) धरला की हरकतीची नोटीस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. नुसती नावं लागतात, बांध कुठेच पडत नाही. उशीर झाला की एका फेरफाराचे चार होतात, कारण मधे गेलेल्या प्रत्येकाचे वारस पुन्हा वेगळे.

मीनल_ठाणे: जमीन नाही, फ्लॅट. पप्पांपुढे मृत्युपत्राचं नाव काढलं की 'घाई झालीय का तुम्हाला?' शेवटी मसुदा केला, त्यावर पेन्सिलीने खुणाही केल्या. सही दिवाळीनंतर करू म्हणाले. दिवाळीआधी अर्धांगवायू, वाचा गेली. आता समोरचं कळतंय की नाही तेच समजत नाही, सही कशी घेणार? साधा कागद चालतो हो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. फक्त त्यांची सही आणि दोन साक्षीदार हवे होते. दोन्ही भाऊ आत्ताच एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवंता: मीनल, काळजी घे गं. पप्पांना फिजिओ चालू आहे का? माझ्या सासऱ्यांना फरक पडला होता. व्यनि (खाजगी निरोप) करते.

आगोटी: @मीनल सोसायटीत नॉमिनी कोण? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, भावांना हे माहीत असू दे.

मीनल_ठाणे: आई आहे. थोरल्याला वाटतं तेवढं पुरे. दाखवते त्याला हे. फिजिओ चालू आहे, शेवंताताई.

बांधावरचा: @सदाफुली कॅनडाच्या बहिणीला तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने इथे सह्या करायचा अधिकार देणारा कागद, करायला सांगा. इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा.

सदाफुली: आजच मेसेज करते. आगोटी, गाव कुठलं तुमचं?

आगोटी: देवरुखजवळ.

शेवंता: अय्या, माझं आजोळ देवरुख! यंदा आंबा कसा आहे?